वर सागरतळीचा : तुळशीविवाह, शाळिग्राम आणि सहभागाची कला

१. विषयप्रवेश

कलाविचारात गेल्या काही दशकांपासून 'सहभागी प्रयोगकला' ही संज्ञा रूढ झाली आहे. ज्या प्रयोगात प्रेक्षक हा केवळ पाहणारा न राहता करणारा होतो, ज्याची संहिता अल्प असते आणि ज्यातून मागे उरणारी वस्तू ही त्या प्रयोगाचे मुख्य फल नसते, अशा प्रयोगास ही संज्ञा लावतात. १९५९ मध्ये न्यूयॉर्क येथे ॲलन कॅप्रो यांनी 'सहा भागांतील अठरा घटना' या नावाने जो प्रयोग केला, त्यात आलेल्या मंडळींच्या हाती सूचनांचे कागद देऊन त्यांनी केव्हा उठावे व कोठे बसावे हे सांगितले होते. पाश्चात्त्य कलेतिहासात या प्रयोगापासून एका नव्या प्रकाराचा आरंभ मानतात. पुढे या कलेने निसर्गाकडेही मोहरा वळविला, आणि आज समुद्राचा तळ, खडक, खनिजे व भूस्तर यांना विषय करून माणसांना त्यांच्याशी काही कृतीने जोडू पाहणारे कलावंत अनेक देशांत आढळतात.

प्रस्तुत लेखात या नव्या प्रकाराचा इतिहास सांगण्याचा हेतू नाही. आपल्याकडे घरोघरी दरवर्षी होणारा एक विधी या संज्ञेच्या प्रकाशात पाहिला असता काय दिसते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. तो विधी म्हणजे तुळशीविवाह होय. त्यातील वधू अंगणातील वनस्पती आहे, आणि वर, जेथे परंपरा पुरतेपणी पाळली जाते तेथे, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी घडलेला एक दगड आहे. समुद्र, भूस्तर आणि सहभाग या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आणणारा इतका जुना आणि इतका परिचित प्रयोग दुसरा क्वचितच सापडेल.

२. विधीचे स्वरूप

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणत्याही दिवशी सायंकाळी हा विवाह लावतात. तुळशीवृंदावन सारवून अथवा रंगवून स्वच्छ करतात, भोवती रांगोळी काढतात, कुंडीत चिंचा, आवळे व बोरे ठेवतात. उसाचा मांडव घालतात. काही घरी त्याऐवजी ज्वारीचे धांडे उभे करतात. तुळशीला हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, मणी-मंगळसूत्र व वस्त्र देतात. देवघरातील शाळिग्राम अथवा बाळकृष्णाची मूर्ती पाटावर आणून ठेवतात. मध्ये अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके म्हटली जातात, अक्षता पडतात, अंतरपाट दूर होतो आणि जमलेल्यांना लाह्या, चुरमुरे, बत्तासे व उसाचे करवे वाटतात. या विवाहानंतरच मनुष्यांच्या लग्नसराईस आरंभ होतो.

या क्रमाकडे नाट्याच्या दृष्टीने पाहिले तर काही गोष्टी स्पष्ट होतात. येथे रंगमंच आणि प्रेक्षागृह असा भेद नाही. कोणी अंतरपाट धरतो, कोणी मंगलाष्टक उचलतो, कोणी नुसती मूठभर अक्षता टाकतो. पण ज्याने अक्षता टाकली तो त्या लग्नाचा साक्षी झाला. शेजारच्या घरचे मूल आले तर त्याच्याही हातावर अक्षता ठेवल्या जातात. तालीम कोणी करीत नाही, कारण खऱ्या लग्नांत प्रत्येकाने ही भूमिका पूर्वी केलेली असते. ज्यांच्या पोटी कन्या नाही अशा दांपत्याला येथे कन्यादानाचा अधिकार मिळतो, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आयुष्यात ज्यांच्या वाट्याला जी भूमिका आली नाही ती त्यांना एका सायंकाळपुरती, पण खोटेपणाचा लेशही न ठेवता, मिळते. सहभागी कलेचे सामर्थ्य म्हणून जे सांगितले जाते ते याहून फारसे वेगळे नाही.

अशा प्रयोगास राजाश्रय लाभला म्हणजे त्याचे रूप केवढे वाढते याची एक नोंद उपलब्ध आहे. ओरछा संस्थानातील लुधौरा येथे शाळिग्राम व तुळस यांचा वार्षिक विवाह कसा होई, याचे वर्णन विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात केले आहे. वराच्या मिरवणुकीत आठ हत्ती व बाराशे उंट असत, पुढच्या हत्तीवर तो लहानसा दगड विराजमान असे, आणि त्या वर्षी लाखाहून अधिक लोक लग्नास जमले होते, असे तो लिहितो. स्लीमनच्या लेखनात आश्चर्य आहे, तसा थोडा उपहासही आहे. परंतु याच स्लीमनला १८२८ मध्ये जबलपूरजवळच्या बडा शिमला टेकडीत काही अश्मीभूत हाडे सापडली होती, आणि भारतातील डायनोसॉरांच्या अवशेषांचा इतिहास तेथपासून सुरू होतो. त्या प्रदेशातील अवशेषांवरूनच रिचर्ड लायडेकर याने १८७७ मध्ये 'टायटॅनोसॉरस इंडिकस' ही जाती वर्णिली. एका जीवाश्माच्या शोधकानेच दुसऱ्या एका जीवाश्माच्या लग्नाचे वर्णन लिहून ठेवले.

३. वराचा पूर्वेतिहास

शाळिग्राम हा नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात मिळतो. धवलगिरी आणि अन्नपूर्णा या आठ हजार मीटरांहून उंच अशा दोन शिखरसमूहांमधून ही नदी दक्षिणेस वाहते. तिच्या वरच्या खोऱ्यात, मुस्तांग प्रदेशात आणि मुक्तिनाथ क्षेत्राच्या आसमंतात, काळ्या मऊ शेलचे थर आहेत. हिमालयाच्या पश्चिम भागातील स्पिती खोऱ्यावरून भूशास्त्रज्ञ त्यांना 'स्पिती शेल' म्हणतात. पावसाळ्यात हे थर झिजतात आणि त्यांत गुरफटलेले कठीण, गोलसर, काळे गोटे नदीत येऊन पडतात. हेच शाळिग्राम.

गोटा फुटला किंवा झिजून उघडा पडला की आत चक्राकार शंख दिसतो. तो अमोनाइट या नावाच्या सागरी प्राण्याचा आहे. शाळिग्राम म्हणजे या वर्गातील अश्मीभूत शंख होय, हे पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने १७८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले होते. माखली आणि अष्टपाद हे अमोनाइटचे आजचे आप्त. बाह्य रूपाने मात्र हिंदी व प्रशांत महासागरांत काही शे मीटर खोलीवर वावरणारा नॉटिलस त्याच्याशी अधिक जुळतो. हा प्राणी शंखाच्या शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात राहत असे. वाढ झाली की तो पुढे सरके व मागे एक पडदा बांधून जुना कप्पा बंद करी. अशा रिकाम्या कप्प्यांची मालिका वेटोळ्यात मागे मागे जात असे आणि त्या सर्वांतून एक बारीक नळी गेलेली असे. तिच्यायोगे कप्प्यांतील पाणी काढून घेतले जाई, त्या जागी वायू भरे आणि प्राणी पाण्यात तरंगता राही.

प्राणी मेला की शंख यथाकाल तळाशी जाई. स्पिती शेल ज्या समुद्रात साचले त्याचा तळ किनाऱ्यापासून दूर, शांत व काळ्या चिखलाचा होता आणि त्या चिखलात प्राणवायू फार थोडा होता. कुजण्याची क्रिया तेथे सावकाश चाले. तिच्यामुळे शंखाभोवतीच्या चिखलातील द्रव्यांचे रासायनिक संतुलन बदले, चुना व लोह यांची संयुगे तेथे प्रथम घट्ट होत आणि आसपासचा चिखल मऊ असतानाच शंखाभोवती एक कठीण कवच तयार होई. लोह व गंधक यांच्या संयोगाने बनलेला सुवर्णवर्णी पायराइटही त्यात साठे. ज्या शाळिग्रामात सोन्याची झाक दिसते त्यास परंपरेने 'हिरण्यगर्भ' म्हटले आहे. ती झाक बहुधा या पायराइटचीच असते.

हा समुद्र म्हणजे टेथिस. त्यास हे नाव ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस याने १८९३ मध्ये दिले. त्याच्या दक्षिणेस जो महाखंड पसरला होता त्याला झ्यूसनेच १८८५ मध्ये 'गोंडवाना भूमी' असे नाव दिले होते. ते नाव त्याने भारतीय भूशास्त्रज्ञांच्या वापरातून उचलले, आणि त्यांनी ते घेतले होते आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या देशावरून. नागपूरच्या वाचकास हे वेगळे सांगावयास नको की, हे शहर वसविणारा बख्त बुलंद शाह हा गोंड राजाच होता. तेव्हा गंडकीचा हा वर परदेशीचा असला, तरी तो ज्या समुद्रात जन्मला त्याचा दक्षिण किनारा ज्या भूमीचा होता, तिला आपल्याच परिसराचे नाव आहे. पुढे भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकला, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियास भिडला, टेथिस आटला आणि त्याचा तळ हिमालयाच्या कड्यांत उचलला गेला. मुक्तिनाथ आज साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे; तळाचा दगड तीर्थयात्रेच्या वाटेवर आला तो असा.

४. नागपूरचे दगड

नागपूरचे स्वतःचे जीवाश्म याहून अगदी निराळे आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. १८४५ मध्ये येथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसरातील भूस्तर व जीवाश्म यांवर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. सीताबर्डीची टेकडी व टाकळी येथील लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या पातळ गाळथरांत त्यांना गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष मिळाले. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा थांबून थांबून वाहत असता, मधल्या शांत काळात येथे तळी साचत होती. कामठीच्या वालुकाश्मातील वनस्पतींचे अवशेष त्याहूनही कितीतरी जुने, गोंडवाना काळातील आहेत. शाळिग्रामाशी जुळणारा अमोनाइट या परिसरातील थरांत नाही. आणि ज्या कालखंडात सीताबर्डीचा काळा पाषाण तप्त प्रवाहाच्या रूपाने पसरत होता, त्याच कालखंडात अमोनाइटांचा वंश पृथ्वीवरून नाहीसा झाला. तात्पर्य, नागपुरातील कोणत्याही देवघरात असलेला शाळिग्राम नदीने आणलेला नसतो; तो माणसाच्या हाताने आलेला असतो. यात्रेकरूने आणला, गुरूने दिला, आजोळहून आला. त्याच्या प्रवासातील अखेरचा टप्पा भूशास्त्रीय नसून कौटुंबिक आहे.

५. पुराणकथेतील निरीक्षण

या विधीमागील कथा सर्वांस ठाऊक आहे. शिवाचे तेज समुद्रात पडून जालंधर जन्मला. त्याची पत्नी वृंदा हिच्या पातिव्रत्यामुळे तो अजिंक्य झाला. विष्णूने कपटवेषाने तिचा व्रतभंग केला आणि तिने त्यास पाषाण होण्याचा शाप दिला. ब्रह्मवैवर्त पुराणात हीच कथा शंखचूड व तुलसी यांच्या नावांनी येते. तेथे तुलसीच्या देहाची गंडकी नदी होते, केसांची तुळस होते, शंखचूडाच्या अस्थी समुद्रात पडून त्यांचे शंख होतात, आणि विष्णू गंडकीच्या काठी पाषाणरूपाने राहतो. त्या पाषाणात वज्रासारख्या दातांचे कीटक चक्रे कोरतील, असेही तेथे सांगितले आहे.

ही कथा अद्भुत आहे, पण तीत निरीक्षणाचा अंश नाही असे म्हणता येणार नाही. अस्थी व शंख एकाच जातीच्या द्रव्याचे आहेत, सागर व पर्वतनदी यांचा काही संबंध आहे, दगडातील चक्र हे दगडाचे नसून कोणा जीवाचे काम आहे, ही तीन सूत्रे तीत गुंफलेली आहेत. पुराणकाराला प्राणी ओळखता आला. त्याचे काम मात्र त्याने उलटे सांगितले. वज्रकीटाने दगड कोरला नाही, त्याने आपले घर बांधले, आणि दगड त्याच्याभोवती नंतर झाला. इंग्लंडमधील व्हिटबी येथे असेच अमोनाइट सापडतात. तेथील लोकांनी त्यांना संत हिल्डाने दगड बनविलेले साप मानले, आणि विक्रेते त्यांवर सापाचे डोके कोरूनही देत. 'अमोनाइट' हे नावसुद्धा मिसरी देव आमोन याच्या मेंढ्यासारख्या शिंगांवरून आले आहे. हा आकार पाहिल्यावर मनुष्य गप्प बसत नाही, हे सर्वत्र दिसते. विशेष हे की, इतरत्र त्याचे शिंग झाले, साप झाला. आपल्याकडे तो नवरदेव झाला, आणि त्याच्याशी दरवर्षी काही करावयाचे ठरले.

शाळिग्रामाची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही, असा संकेत आहे. मूर्तीत प्राण आणावा लागतो, यात तो स्वयंभू असतो, अशी त्यामागील श्रद्धा. भूशास्त्राच्या दृष्टीने पाहणाराही त्या दगडात एके काळी प्राण होता एवढे तरी मान्य करील.

६. दोन तुलना

निसर्गवस्तूशी विवाह लावण्याची कल्पना अन्यत्रही आढळते. व्हेनिसचा डोज स्वर्गारोहणाच्या सणास नौकेतून जाऊन समुद्रात अंगठी टाकी व समुद्राशी विवाह झाल्याचे घोषित करी. १७९७ मध्ये त्या प्रजासत्ताकाचा अंत होईपर्यंत ही रीत चालली. तेथे समुद्रावरील स्वामित्वाचा उच्चार होता. आपल्या कोकणातील कोळी बांधव श्रावण पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करतात त्यात स्वामित्व नसून विनवणी असते. तुळशीविवाहात या दोहोंहून वेगळी भूमिका आहे : येथे घर वधूपक्षाचे आहे, आणि समुद्राचा दगड जावई म्हणून घरी येतो.

आधुनिक कलेतील सर्वांत जवळची तुलना जर्मनीतील कासेल शहराची आहे. १९८२ मध्ये योझेफ बॉइस याने तेथील संग्रहालयासमोर बसाल्टच्या सात हजार शिळांचा ढीग रचला. अट अशी की, शहरात कोणी एक झाड लावील तेव्हाच एक शिळा हलवावयाची आणि त्या झाडाशेजारी उभी करावयाची. नागरिक पुढे येत गेले, ढीग कमी होत गेला. १९८६ मध्ये बॉइस वारला आणि अखेरचे झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलाने लावले. वाढणारी वनस्पती आणि न वाढणारा दगड यांची जोडी लोकांच्या हाताने जुळविणे, हे या कृतीचे मर्म. ज्यांच्या अंगणात ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या जुळत आली त्यांना ते समजण्यास टीपेची गरज पडू नये. भेद एवढाच की, कासेलचे काम पाच वर्षांत पुरे झाले, आणि येथे तुळस सुकली तर नवी लावून त्याच दगडाशी तिचे पुन्हा लग्न लावावे लागते.

७. सहभागाची मर्यादा

परंतु सहभागाची कला म्हणून या विधीचे गुणगान करून थांबणे योग्य होणार नाही. अशा कलेची खरी परीक्षा कोण आत आहे यावर नसून कोण बाहेर ठेवले गेले यावर होते. काही धर्मनिबंधांनी स्त्रियांना आणि शूद्र मानलेल्या वर्णांना शाळिग्रामाचा स्पर्श निषिद्ध ठरविला होता. तुळशीची रोजची पूजा स्त्रियांची, आणि तिच्या वराला हात लावण्यास त्यांनाच मज्जाव, अशी ही विसंगती होती. अनेक घरी शाळिग्रामाच्या जागी बाळकृष्ण येण्यास हेही एक कारण झाले असावे. विधवांना सवाष्णींच्या मानापासून दूर ठेवीत असत. आणि ज्यांना अस्पृश्य मानले त्यांना हे अंगणच खुले नव्हते. १९५६ च्या ऑक्टोबरात याच नागपुरात लाखो लोकांनी डॉ. आंबेडकरांसमवेत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्यांनी अशा सर्व विधींचा त्याग केला. सामूहिक कृतीने समाज घडतो याचे या शहरातील ते सर्वांत मोठे उदाहरण होय. तुळशीविवाहाचा अभ्यास करणाऱ्याने ही बाजू वगळली, तर त्याचा अभ्यास अर्धा राहील.

आज बहुतेक घरांत ते निषेध सैल झाले आहेत, हे चांगलेच झाले. मात्र त्याच काळात दगडही नाहीसा होत चालला आहे. वाडे मोडले, देवघरे लहान झाली. जेथे पुढे कोणी पूजा करणारा उरत नाही तेथे शाळिग्राम नदीत सोडून देण्याची रीत आहे. उद्या कन्हानच्या वाळूत एखादा अमोनाइट सापडला तर त्याचा अर्थ कोणी काय लावावा? थर पाहणारा म्हणेल, येथे हा असू शकत नाही. आणि ज्याला त्याचे उत्तर देता आले असते त्या घराने काहीही लिहून ठेवलेले नसेल.

८. उपसंहार

मनुष्याच्या विवाहात वधूवरांच्या गोत्राचा व तीन पिढ्यांचा उच्चार होतो. गंडकीच्या या वराचे कूळ आता सांगता येण्यासारखे आहे. तो टेथिस समुद्राचा, काळ्या चिखलात निजलेला, हिमालयाने वर उचललेला आणि नदीने बाहेर काढलेला आहे. हे सांगितल्याने श्रद्धावानाची श्रद्धा उणी होण्याचे कारण नाही, आणि अश्रद्धालाही त्या अंगणात उभे राहण्यास एक प्रामाणिक जागा मिळते. ज्ञान हा सहभागाचाच एक प्रकार आहे.

यास्तव एक साधी सूचना करावीशी वाटते. ज्यांच्या घरी शाळिग्राम आहे त्यांनी तो कोणी, केव्हा व कोठून आणला, वजन किती, चक्रे किती, तुळशीच्या लग्नास तो मांडला जातो की नाही, आणि त्या लग्नात कोण काय करते, एवढे एका वहीत लिहून ठेवावे. हे काम घरातील वडीलधारी स्त्री सर्वांत चांगले करू शकेल, कारण हा इतिहास बहुधा तिच्याच स्मरणात असतो. भूशास्त्राला त्यातून एका दगडाचा ठावठिकाणा मिळेल आणि संस्कृतीच्या अभ्यासकाला एका प्रयोगाची संहिता. या दोहोंची सांगड घालणे पूर्वी कोणाला आवश्यक वाटले नाही. आज ती घालणारे हात अद्याप आहेत, म्हणून ती आजच घातली पाहिजे.